मुलांची भाकर

शास्त्रभाग : उत्पत्ति २१:८-२१, मार्क ७:९-१३, १ तीमथ्य ५:८



बडोद्याचे खंडेराव मार्केट ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याची भव्य दर्शनी इमारत आठवत असेल. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी ती १९०६ साली बांधविली आणि तिला खंडेराव महाराजांचे नाव दिले. पुढच्या बाजूस महानगरपालिकेची कचेरी आहे व मागे भाजी, फळे, फुले यांचा बाजार भरतो. पुढे कागद आणि मागे भाकर, अशी ती जागा आहे. आजच्या मननाचा विषय आम्हांला त्याच बाजारात मिळाला, म्हणून आरंभीच तिचे नाव घेतले.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आम्ही तेथे गेलो असता आमच्या मंडळीतील एक भगिनी भेटली. ती दोन मुलांची आई आहे. दिवेलागणीला भाव उतरतो, म्हणून ती त्याच वेळी बाजार करते. तिने अर्धा किलो वालपापडी घेतली, पिशवी हातावर तोलून पाहिली आणि विकणारीला म्हणाली, "बेन, वजन कमी आहे. पुन्हा घाला." पुन्हा काट्यावर घातली तेव्हा खरेच पन्नास ग्रॅम कमी भरली. विकणारीने मुकाट्याने मूठभर शेंगा वर टाकल्या. भगिनी आमच्याकडे वळून म्हणाली, "पाळकसाहेब, इथं निदान मागितलं की मिळतं. पोरांच्या बापाकडे मागायला गेले, तर दोन वर्षं नुसत्या तारखा पडताहेत."

ती हे हसत बोलली, पण आम्हांला हसू आले नाही. तिची हकीकत आम्हांला ठाऊक होती, आणि ठाऊक असूनही आम्ही तिच्याकडे कानाडोळा केला होता. ते आज या पानावर कबूल करावयाचे आहे.

चार वर्षांपूर्वी तिचा घटस्फोट झाला. दोन मुलांच्या पोषणासाठी बापाने दरमहा ६,००० रुपये द्यावेत असा न्यायालयाचा हुकूम झाला. तीन महिने रक्कम आली. मग त्या बंधूने नोकरी बदलली, गाव बदलला, फोनचा नंबर बदलला. नव्या ठिकाणी तो पगार रोखीने घेऊ लागला आणि आपल्याला काही मिळकत नाही असे सांगू लागला. भगिनी आमच्याकडे सल्ल्यासाठी आली. आम्ही म्हणालो, "ताई, कोर्टकचेरीने मने अधिकच दुखावतील. थोडे थांबा, प्रार्थना करा." ती दीड वर्ष थांबली. पुढे तिने वसुलीचा अर्ज केला तेव्हा तिला कळले की, थकलेली रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत मागितली तरच दंडाधिकारी वसुलीचे वॉरंट काढतात. सहा महिन्यांचे ३६,००० रुपये त्या मार्गाने मागता आले नाहीत. आमच्या एका गोड सल्ल्याची ती किंमत होती, आणि ती दोन लेकरांनी भरली.

एवढ्यावरच हे थांबले नाही. तो बंधु दुसऱ्या शहरातील मंडळीत जाऊ लागला तेव्हा त्याने आमच्याकडे सभासदत्वाचे पत्र मागितले. आम्ही लिहून दिले की, हे आमच्या मंडळीचे सभासद असून यांची वर्तणूक चांगली आहे. खाली सही आमची. पुढे तेथील कापणीच्या सणाला त्याने मंडळीला ध्वनिक्षेपकाचा संच अर्पण केला. वेदीपुढे हार घालून घेतानाचे त्याचे छायाचित्र फिरत फिरत या भगिनीच्या फोनवर आले. तिने ते मुलीला दाखविले नव्हते, पण मुलीने ते पाहिलेच. मुलगी एवढेच म्हणाली, "आई, म्हणजे बाबांकडे पैसे आहेत."

बंधुभगिनींनो, त्या लेकराच्या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून आम्ही शास्त्र उघडले.

मसकभर पाणी

उत्पत्तीच्या २१ व्या अध्यायात एका बापाने आपल्या मुलाला घराबाहेर काढल्याची हकीकत आहे. तो बाप कोणी दुष्ट मनुष्य नव्हता. तो अब्राहाम होता, विश्वासणाऱ्यांचा पिता. तो मोठ्या पहाटे उठला, भाकर आणि पाण्याची मसक त्याने हागारेच्या खांद्यावर दिली आणि मुलासह तिची रवानगी केली. याच अब्राहामाविषयी १३ व्या अध्यायात लिहिले आहे की तो गुरेढोरे, रुपे व सोने यांनी फार संपन्न होता. ज्याच्या घरी कळपांची मोजदाद नाही त्याच्या मुलाच्या वाट्याला एक मसकभर पाणी! बैरशेब्याच्या रानात ते किती पुरणार?

काही जण म्हणतील की हे देवाच्या आज्ञेनेच झाले. होय, देवाने अब्राहामाला सारेचे ऐकण्यास सांगितले. परंतु त्याच वेळी या मुलाचेही मी राष्ट्र करीन, असे वचन त्याला दिले. अब्राहामाला या गोष्टीचे फार वाईट वाटले, असेही शास्त्र सांगते. ज्याला देवाने तोंडोतोंड असे वचन दिले असेल त्याने खुशाल अब्राहामाचा दाखला द्यावा. बाकीच्या बापांनी स्वतःच्या कमाईतून भाकर द्यावी.

रानात पाणी संपले. हागारेने मुलाला झुडपाखाली टाकले आणि आपण बाणाच्या टप्प्याइतकी दूर जाऊन बसली, कारण लेकराचे मरण तिला पाहवेना. ती गळा काढून रडली. आता पुढचे शब्द नीट वाचावे. रडत होती आई, पण देवाने ऐकली ती मुलाची वाणी. तो जेथे होता तेथूनच ती ऐकली. इश्माएल या नावाचा अर्थच देव ऐकतो असा आहे.

यातून पहिली गोष्ट आपण शिकावी. लेकराच्या भाकरीचा प्रश्न हा नवराबायकोच्या भांडणाचा शेपूट नव्हे. मोठ्या माणसांत कोणाचे चुकले, कोणी कोणाला काय बोलले, याचा निवाडा होवो वा न होवो, मुलाची वाणी देवाजवळ वेगळी पोहोचते. घटस्फोट नवराबायकोचा होतो. बापलेकरांचा होत नाही.

आपल्या चालीरीतीत तर हे दर दिवशी ऐकू येते. मुलाच्या नावापुढे आपण बापाचे नाव लावतो. शाळेत हजेरी होते, परीक्षेचा अर्ज भरला जातो, शब्बाथशाळेत बक्षीस मिळते, तेव्हा प्रत्येक वेळी बापाचे नाव उच्चारले जाते. नाव दिले आणि ताट दिले नाही, तर ते नाव त्या लेकराला रोज टोचणार नाही काय?

अर्पण म्हणून बाजूला ठेवलेले

दुसरा शास्त्रभाग मार्काच्या शुभवर्तमानातला आहे. परूश्यांनी प्रभूच्या शिष्यांना हात न धुण्यावरून नावे ठेवली. प्रभूने त्यांना उलट त्यांचीच एक रीत दाखविली. म्हाताऱ्या आईबापांना ज्या धनाचा आधार व्हावा ते एखादा मुलगा कुर्बान म्हणून, म्हणजे देवाला अर्पण म्हणून जाहीर करी. आणि मग आईबापांसाठी काही करण्यातून तो मोकळा होई. प्रभु म्हणाला की, असे करून तुम्ही आपल्या संप्रदायाने देवाचे वचन रद्द करता.

तेथे म्हाताऱ्या आईबापांची भाकर होती. आपल्या हकीकतीत लेकरांची आहे. युक्ती मात्र तीच. घेणेकरी दाराशी उभा असताना धनावर देवाचे नाव लिहून ठेवावयाचे! मुलांच्या दुधाचे, वह्यांचे, औषधाचे पैसे थकवून जो ध्वनिक्षेपक दिला जातो, त्यातून कितीही गोड गीते निघोत, देवाच्या कानी त्यातून मुलाची वाणीच येते.

येथे दोष त्या एका बंधूवर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. ते दान घेणारे हात मंडळीचे होते, आणि ज्या पत्राने त्याला तेथे मान मिळाला ते पत्र आमचे होते. नीतिसूत्रांच्या ११ व्या अध्यायाच्या आरंभीच सांगितले आहे की, खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे. खंडेराव मार्केटातल्या त्या विकणारीने पन्नास ग्रॅमची तूट उघडकीस येताच ती भरून दिली. आम्ही मात्र दोन लेकरांच्या मापातली तूट डोळ्यांनी पाहिली आणि वर चांगल्या वर्तणुकीचा शिक्का मारला.

प्रेषित पौल तीमथ्याला लिहितो की, जो स्वकीयांची, विशेषतः आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही त्याने विश्वास नाकारला आहे आणि तो विश्वास न ठेवणाऱ्या मनुष्यापेक्षा वाईट आहे. पौलाची ही भाषा किती कडक आहे! आपण मद्यपानावर उपदेश करतो, सिनेमावर करतो, शब्बाथ मोडण्यावर करतो. या वचनावर शेवटचा उपदेश आपल्या व्यासपीठावरून कधी झाला, हे वाचकांनी आठवून पाहावे.

नेहमीच्या सबबी

या विषयावर बोलू लागले की काही सबबी हमखास ऐकू येतात.

"ती मला मुलांना भेटू देत नाही, मग मी पैसे का देऊ?" मुलांना भेटण्याचा हक्क असेल तर तो न्यायालयाकडे मागावा, त्यासाठी वेगळा अर्ज करता येतो. पण भेट अडली म्हणून भाकर अडवावी, असे कोठे सांगितले आहे? भूक काही भेटीची वाट पाहत नाही.

"ती पैसे स्वतःवर उडविते." ज्या घरात मुले राहतात त्या घराचे भाडे, दिवा, चूल ही मुलांचीच आहेत. शंका असेल तर शाळेची फी थेट शाळेत भरण्याची परवानगी मागावी. बंद पाकीट मात्र हिशेबाचा प्रश्न सोडवीत नाही.

"ती स्वतः कमावते." आईची कमाई हा तिचा वाटा झाला. बापाचा वाटा त्याने भरावा. एका बैलाने ओढले म्हणून दुसऱ्याला जू उतरवून बसता येत नाही.

"मला काम नाही." खरोखर आजारी वा अपंग असलेल्याची गोष्ट निराळी. धडधाकट मनुष्याने अंगमेहनत करून का होईना बायकोमुलांचे पोषण केले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ सालच्या एका निकालात स्पष्ट म्हटले आहे. हे पौलाच्या शिकवणीपासून फार दूर नाही. तो तंबू शिवत होता.

आणि सर्वांत धार्मिक सबब ही, "देव त्यांची काळजी घेईल." घेईल, यात संशय नाही. पण याकोबाच्या २ ऱ्या अध्यायात उघड्या व उपाशी भावाला केवळ गोड शब्दांनी निरोप देणाऱ्याविषयी काय लिहिले आहे ते आपण जाणतो. देवाच्या दयेचा पुरावा म्हणून आपला खिसा राखता येत नाही.

विहीर तेथेच होती

पुन्हा रानाकडे वळू. देवाने हागारेला सांगितले की, ऊठ, मुलाला उचल, त्याचा हात धर. मग त्याने तिचे डोळे उघडले आणि तिला पाण्याची विहीर दिसली. विहीर तेथेच होती. दुःखाने अंधारलेल्या डोळ्यांना ती दिसत नव्हती. आपल्या मंडळ्यांतील अशा भगिनींना ती विहीर दाखविणे हे आपले काम आहे. म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी येथे लिहितो.

फौजदारी प्रक्रिया संहितेचे जे कलम १२५ म्हणून सर्वांना ठाऊक होते, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. हे कलम हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सर्वांना सारखेच लागू आहे. औरस असो वा अनौरस, जे अज्ञान मूल स्वतःचे पोषण करू शकत नाही त्याला बापाकडे पोटगी मागता येते. गुजरातेतून गेलेल्या एका खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने आईचा विवाह कायदेशीर न धरता तिची पोटगी नाकारली, पण मुलाचा हक्क कायम ठेवला. वाचक हो, येथे इश्माएलाची आठवण होत नाही काय? आपल्या ख्रिस्ती लोकांसाठी १८६९ च्या घटस्फोट कायद्यातही मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण यांविषयी हुकूम करण्याची तरतूद आहे.

पूर्वी कलम १२५ खाली महिन्याला ५०० रुपयांपेक्षा अधिक देता येत नसे. ती मर्यादा २००१ साली काढून टाकण्यात आली. अंतरिम पोटगीच्या अर्जाचा निकाल शक्यतो ६० दिवसांत व्हावा, असेही तेव्हाच ठरले. बाप परगावी गेला तरी आईला त्याच्या गावी हेलपाटे घालण्याची गरज नाही. ती राहते त्या जिल्ह्यातही अर्ज करता येतो.

हुकूम होऊनही पैसे आले नाहीत तर वसुलीचे वॉरंट निघते, आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणजे देणे फिटले, असे मात्र होत नाही. रक्कम देईपर्यंत देणे उभेच राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे. एका वर्षाच्या मुदतीचे वर लिहिले आहे, ते प्रत्येक आईने ध्यानात ठेवावे. दर महिन्याची नोंद वहीत करावी, बँकेची कागदपत्रे जपावीत आणि थकबाकी साचू देऊ नये.

नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ साली दाखल झालेल्या एका प्रकरणाची हकीकत या बाबतीत उद्बोधक आहे. तेथे २०१५ साली हुकूम झाला. मुलासाठी आरंभी दरमहा ५,००० रुपये आणि १ सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये ठरले. बापाने हुकूमाला आव्हान दिले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ते २०१८ साली फेटाळले आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा व न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दिला. तोपर्यंत सात वर्षे गेली होती. सात वर्षांत तान्हे मूल शाळेत जाऊ लागते! त्या निकालाने सर्व देशासाठी नियम घालून दिले. दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी. आणि दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे जप्ती वगैरे मार्गांनीही तिची वसुली व्हावी. पगार रोखीने घेऊन कागदावर गरीब होणाऱ्यांना आता शपथेवर बोलावे लागते.

वकिलाची फी कोठून आणावी, ही चिंता अनेकींना असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया व मुले यांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, मग मिळकत कितीही असो. प्रत्येक जिल्हा न्यायालयात या प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते.

येथे कोणी पौलाचे १ करिंथ ६ वे अध्याय पुढे करील की, भावाने भावाविरुद्ध न्यायालयात जाऊ नये. खरे आहे, पण पौल तेथे विचारतो की, निवाडा करू शकेल असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय? मंडळीने आधी त्या बापाला बोलावून निवाडा करावा, पैसे मिळवून द्यावेत, मग आईला न्यायालयापासून परावृत्त करावे. आम्ही निवाडा केला नाही आणि न्यायालयात जाऊ दिले नाही. हा पौलाचा मार्ग नव्हे. प्रसंग आला तेव्हा पौलाने स्वतः कैसराकडे दाद मागितली. आणि प्रभूने लूकच्या १८ व्या अध्यायात नित्य प्रार्थनेचा दाखला म्हणून कोणाला निवडले? न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाणाऱ्या विधवेला. प्रार्थना करा आणि थांबा, असा तिचा धडा नाही. प्रार्थना करा आणि जात राहा, असा आहे.

मंडळीने काय करावे

मराठी ख्रिस्ती समाजाला निराधार स्त्रियांची सेवा नवी नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढे केडगावी मुक्तीचे काम उभे केले. त्या वारशाचा आपण अभिमान बाळगतो. पण आश्रय देणे हे दान आहे आणि हक्क मिळवून देणे हा न्याय आहे. आपल्याला दान देणे सोपे वाटते, कारण त्यात कोणा भावाचा रोष ओढवून घ्यावा लागत नाही. नाताळात त्या भगिनीच्या मुलांना आम्ही कपडे दिले होते. तिने ते घेतले व आभारही मानले. आता वाटते की, जे त्यांचे हक्काचे होते ते मागण्यास तिच्याबरोबर गेलो असतो, तर दयेचे कपडे घेण्याची वेळ तिच्यावर आली नसती.

म्हणून पंचायतीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवल्या आहेत. इतर मंडळ्यांनीही त्यांचा विचार करावा. मुलांच्या पोटगीचा हुकूम ज्याच्यावर आहे त्याला वर्तणुकीचे पत्र देण्यापूर्वी पोटगीच्या पावत्या पाहाव्यात. अशी थकबाकी ज्याची आहे त्याचे विशेष दान स्वीकारू नये. त्याला प्रेमाने सांगावे की, बंधो, हे आधी लेकरांना दे. आणि न्यायालयाच्या तारखेला त्या भगिनीने एकटीने जाऊ नये. महिला मंडळातील एक जण तिच्या सोबत असावी.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना वेगळी विनंती आहे. प्रभूच्या प्रार्थनेत आपण देवाला पिता म्हणतो आणि त्याच्याकडे रोजची भाकर मागतो. तुमच्या वर्गात असे मूल असेल की ज्याच्या घरी बाप आणि भाकर हे दोन शब्द एकत्र येत नाहीत. तुमचे बाबा जसे तुम्हांला सर्व काही देतात तसाच देवही, असे सांगून धडा सुरू करू नका. देव असा पिता आहे की जो मूल जेथे आहे तेथूनच त्याची वाणी ऐकतो, असे सांगा. त्या मुलाला चारचौघांत बापाविषयी विचारू नका, आणि बापाची निंदाही त्याच्यासमोर करू नका. त्याला बापाची लाज वाटण्याइतका बापाचा लोभही असतो.

याच खंडेराव मार्केटची इमारत ज्या १९०६ साली उभी राहिली, त्याच साली सयाजीरावांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सबंध बडोदे संस्थानात लागू केले. अमरेली तालुक्यात तर ते १८९३ पासूनच होते. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होई. मुलाचे हित ही बापाच्या मर्जीची बाब नाही, हे एका राजाला तेव्हा कळले होते. राजांच्या राजाच्या मंडळीला ते कळू नये काय?

जक्कयाचा हिशेब

शेवटी त्या बंधूशी, आणि त्याच्यासारख्या वाचणाऱ्या प्रत्येक बापाशी दोन शब्द.

बंधो, तुझा नाश व्हावा म्हणून आम्ही हे लिहीत नाही. लूकच्या १९ व्या अध्यायात जक्कयाने प्रभूला घरी घेतले तेव्हा तो नुसता रडला नाही. तो उभा राहिला आणि त्याने रकमेचा हिशेब सांगितला. ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट. मग प्रभु म्हणाला की, आज या घराला तारण प्राप्त झाले. पश्चात्ताप रुपयांतही मोजावा लागतो. एकदम सारी थकबाकी जमत नसेल तर या महिन्याची रक्कम आजच पाठीव, आणि मागची किती किती देशील ते लिहून दे.

आणखी एक गोष्ट ऐक. उत्पत्तीच्या २५ व्या अध्यायात अब्राहामाचा मृत्यू आहे. त्याला मकपेलाच्या गुहेत पुरले. पुरावयास कोण आले होते? इसहाक, आणि इश्माएल. मसकभर पाणी देऊन ज्याला रानात धाडले तोच मुलगा बापाच्या कबरेशी उभा होता. मुले अशी असतात. बापाने सोडले तरी त्यांच्या मनातून तो जात नाही. तुझी मुलेही एके दिवशी येतील. त्यांनी तुझ्याजवळ तू जिवंत असताना यावे, असे तुला वाटत नाही काय?

आम्ही त्या शहरातील पाळकांना दुसरे पत्र लिहिले आहे. पहिल्या पत्रातील वर्तणुकीविषयीचे वाक्य आम्ही परत घेत आहोत आणि त्याचे कारण हे, असे त्यात स्पष्ट लिहिले. त्यांचे उत्तर आले. त्यांनी बंधूला बोलावून घेतले. त्यानंतर दोन महिन्यांची रक्कम आली आहे. बाकीची यावयाची आहे. न्यायालयातील तारीखही चालू आहे, आणि ती चालूच राहू द्यावी असा आमचा या वेळी सल्ला आहे. पुढच्या तारखेला आम्ही स्वतः त्या भगिनीबरोबर जाणार आहोत.

आपण प्रार्थना करू या. हे स्वर्गीय पित्या, रानातल्या लेकराची वाणी तू ऐकलीस. जी वाणी ऐकण्यास आमचे कान जड झाले होते ती आम्हांला ऐकू दे. आमच्या दानपेटीत दुसऱ्याच्या ताटातली भाकर येऊ देऊ नकोस. जे बाप दूर गेले आहेत त्यांची मने लेकरांकडे वळीव. ज्या आया तारखांनी थकल्या आहेत त्यांना उभे राहण्याचे बळ दे, आणि त्यांच्याबरोबर उभे राहण्याचे धैर्य आम्हांला दे. प्रभु येशू ख्रिस्ताच्या नावाने. आमेन.